कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत सारखं, तरी बोअर खाल्लेला

गेले काही महिने गाडीवेड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. ‘बांधलेलं टर्बो इंजिन घेताय? हेड न उतरवता सिलिंडर तपासा’ असा मथळा (हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण) आणि खाली पाच कलमं. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरात तयार होणारा दाब, सगळ्या सिलिंडरांत सारखं आलं की भिंती ठणठणीत. होनिंगची जाळी (भिंत घासून काढलेल्या तिरक्या रेघा) पुसली असेल तर बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, गेला; दिसत असेल तर शाबूत. निळा धूर म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंगा संपल्या. थंड इंजिनात टकटक म्हणजे बोअर ढिला. आणि यातलं काहीही निघालं तर हलकं होनिंग मारून नव्या रिंगा टाका, काम झालं.

मला तो चार जणांनी पाठवला, कारण माझ्याकडे जुनी ऑक्टाव्हिया आरएस आहे. १.८ टर्बो, १७८१ सी.सी., बिडाचा ब्लॉक, ८१ मि.मी. बोअर, ८६.४ मि.मी. स्ट्रोक. इंजिन बांधून घेताना बोअर ८१.५ वर नेला, फोर्ज्ड (दाबून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन टाकले, टर्बो मोठा बसवला. नऊ हजार किलोमीटर झाले आणि ते ऑइल प्यायला लागलं. हजार किलोमीटरला लिटरभर. त्या मजकुराच्या पट्टीनं मोजलं तर माझं इंजिन पहिल्या दोन्ही कलमांत पास होतं. म्हणून हे लिहितोय.

पहिलं कलम कॉम्प्रेशनचं. प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, चांगल्या बॅटरीवर सेल्फ मारला तर माझ्या चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या अगदी जवळ होते. पण ‘सारखं’ या शब्दातच गोम आहे. एकच इंजेक्टर गळत असेल तर एकच सिलिंडर बिघडतो आणि तो आकड्यात उठून दिसतो. धूळ मात्र टर्बोतून इंटेकमध्ये येते आणि चौघांना वाटून मिळते. चौघेही सारखेच झिजले तर आकडे सारखेच येणार! नुसता आकडा कमी आला म्हणून घाबरायचंही कारण नाही. कमी कॉम्प्रेशन रेशोचे पिस्टन आणि इंटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटवणारा कॅम असेल, तर नवंकोरं इंजिनही मूळ इंजिनापेक्षा कमीच दाखवतं.

शिवाय कॉम्प्रेशन टेस्ट वरच्या दोन रिंगांविषयी काहीतरी सांगते. ऑइल खरवडून खाली नेणारी तिसरी रिंग काय करतेय, याबद्दल ती गप्प असते. आणि माझी तक्रार ऑइलचीच होती. याच कलमात ‘चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा, आकडा वाढला तर रिंगा गेल्या’ असाही सल्ला आहे. टर्बो इंजिनातल्या पिस्टनचा माथा बहुतेक वेळा वाटीसारखा खोलगट असतो. त्यातलं बरंचसं ऑइल त्या वाटीतच बसून राहतं, रिंगांपर्यंत नीट पोचत नाही. आणि इंजेक्टर गळका असेल तर पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि रिंगा चांगल्या असूनही आकडा कमी येतो.

त्यापेक्षा लीक-डाउन टेस्ट कामाची. पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून कंप्रेसरची हवा सोडायची आणि किती टक्के निसटते ते बघायचं. मुख्य म्हणजे कान लावायचा. सायलेन्सरमधून सूं आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इंटेकमधून आला तर इंटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंगा किंवा बोअर. मात्र फोर्ज्ड इंजिनात थंडपणी टक्केवारी जरा जास्तच येते, कारण वरच्या रिंगेचं तोंड (तिच्या दोन टोकांमधली फट) मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं. ८१ मि.मी.च्या बोअरला, भरपूर बूस्ट (टर्बोनं दिलेला हवेचा दाब) चालवायचा तर, साधारण ०.४ मि.मी. लागतं. ते कमी ठेवलं तर रिंग तापून फुगते, तोंडं एकमेकांवर टेकतात आणि भिंत ओरबाडली जाते.

मी ही टेस्ट दोनदा केली. एकदा पिस्टन अगदी वर असताना, एकदा त्याच कॉम्प्रेशन स्ट्रोकमध्ये बराच खाली ठेवून. (खाली असताना हवा पिस्टनला ढकलते, म्हणून गाडी गिअरमध्ये हवी. क्रँकच्या बोल्टवर पाना विसरलात तर तो हनुवटीवर येतो.) वर असताना ऑइलच्या झाकणातून स्पष्ट फुसफुस, खाली आणल्यावर ती निम्म्यावर. म्हणजे रिंग तीच, पण वरच्या पट्ट्यात बोअर मोठा झालाय. इतकं कळल्यावर मी हेड उतरवायला घेतलं.

जाळीच्या कलमाचा निकाल तिथेच लागला. होनिंगच्या तिरक्या रेघांचं काम ऑइल धरून ठेवण्याचं. रिंगा बसताना रेघांच्या मधली टोकं झिजून सपाट होतात, खाचा तेवढ्या उरतात. ते व्हायलाच हवं. प्लगमधून कॅमेरा घातला की हीच जाळी फिकी दिसते आणि माणूस घाबरतो. शिवाय कॅमेऱ्यात केसाएवढा उभा ओरखडा नांगरटीसारखा दिसतो. त्यावर नख फिरवून नख अडकलं तर तो खोल, एवढं कळतं. बोअरचा व्यास नखाला कळत नाही. माझ्या ब्लॉकमध्ये उलटंच होतं. मधल्या आणि खालच्या भागात जाळी अगदी ताजी. फक्त वर, पहिली रिंग जिथे थांबून परत फिरते तिथून खाली दोन बोटं, करड्या रंगाचा मंद पट्टा आणि त्यात बारीक उभ्या रेघा. तिथे रिंगेचा वेग क्षणभर शून्य होतो, ऑइलचा थर सर्वांत पातळ असतो आणि वरून जळत्या वायूचा दाब पूर्ण असतो. झीज तिथेच होते. कॅमेरा घातला तेव्हा मी नेमका खालचा भाग बघून खूश झालो होतो.

मग बोअर गेज. मायक्रोमीटरवर शून्य लावून प्रत्येक सिलिंडर तीन उंचींवर आणि दोन दिशांनी मोजायचा: क्रँकच्या रेषेत आणि तिच्या आडवा. आडव्या दिशेला पिस्टन भिंतीवर रेटला जातो, म्हणून झीज तिथे जास्त निघते. वरचं आणि खालचं माप वेगळं आलं तर टेपर, दोन दिशांचं वेगळं आलं तर ओव्हॅलिटी. ब्लॉक आणि मायक्रोमीटर एकाच खोलीत रात्रभर ठेवा. २० अंशांचा फरक पडला तर ८१ मि.मी.चं बीड जवळपास ०.०१८ मि.मी. फुगतं, आणि आपण शोधतोय ती झीज याच्या तीनचार पटच असते. माझ्याकडे चारही सिलिंडर खाली मापात होते, वर आडव्या दिशेला ०.०६ मि.मी. मोठे. आकडा क्षुल्लक वाटेल. पण व्यास सगळ्या दिशांनी ०.०६ नं वाढला तर घेर ०.१९ नं वाढतो आणि रिंगेचं तोंड तेवढंच जास्त उघडतं. म्हणजे ०.४ चं जवळपास ०.६. एकाच दिशेला वाढला तरी त्याच्या निम्मं.

धुराचं कलम अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक. टर्बोच्या शाफ्टला रबरी सील नसतं, पिस्टनच्या रिंगेसारखी बारीक धातूची रिंग असते, आणि ऑइल आपल्या वजनानं खाली पडून जातं. परतीचा पाइप मुडपला असेल, किंवा ब्रीदरचा (इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह चिकटून क्रँककेसमध्ये दाब साचला असेल, तर ऑइल टर्बोतूनच बाहेर येतं आणि धूर निळाच दिसतो. बराच वेळ आयडलवर उभी राहून निघताना धूर आला तर आधी टर्बो आणि व्हॉल्व्हची सीलं बघा. उतारावर गिअरमध्ये सोडून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आला तर बहुधा व्हॉल्व्ह गाइड. बूस्टवर सतत येत असेल तेव्हा रिंगांचा संशय. दर वेळी इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप काढून आत ऑइल लागतं का ते बोट फिरवून बघायचं, हे दोन मिनिटांचं काम आहे.

टकटकीचं तर सोडाच. २६१८ या मिश्रधातूच्या फोर्ज्ड पिस्टनमध्ये सिलिकॉन जवळपास नसतं, तो तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून थंडपणी ढिला बसवतात. सकाळी टकटकतो, गरम झाला की गप्प बसतो. गरम झाल्यावरही वाजत राहिला तर मात्र बघावं लागेल.

शेवटच्या कलमाचा मला खरा राग आहे. होनिंगनं टेपर जात नाही. हातातलं होनर आहे त्याच आकाराच्या मागे जातं आणि बोअर आणखी मोठा करतं. नवी रिंग त्या नरसाळ्यात प्रत्येक फेरीला उघडत-मिटत राहते आणि लवकरच जुन्या रिंगेसारखी होते. टेपर गेला पाहिजे तर पुढच्या ओव्हरसाइजवर बोरिंग करावं लागतं. तेही हेडच्या जागी जाड प्लेट तेवढ्याच टॉर्कनं आवळून, कारण हेड आवळलं की ब्लॉक थोडा वेडावाकडा होतो. पहिल्या वेळी ज्यांनी बोअर केला त्यांच्याकडे प्लेट नव्हती. होनिंगनंतर त्यांनी ब्लॉक नुसता डिझेलनं धुऊन दिला आणि मीही काही बोललो नाही. होनिंगची बारीक रेती डिझेलनं निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश लागतो. पांढरा कपडा फिरवून तो पांढराच परत येईपर्यंत धुवायचं आणि लगेच ऑइल फासायचं, नाहीतर बिडावर मिनिटांत गंज चढतो.

पण झीज रेतीनं झाली की धुळीनं? त्याचं उत्तर ब्लॉकमध्ये नव्हतं. एअर फिल्टर स्वच्छ होता. टर्बोच्या कंप्रेसर चाकाच्या पात्यांवर बोट फिरवलं तर पुढच्या कडा बोथट आणि खरखरीत लागल्या. फिल्टर आणि टर्बो यांच्या मधला रबरी होज काढला, तर खालच्या बाजूला, क्लिपच्या आड, दीड इंचाची चीर. वरून बघितलं तर काहीच दिसत नव्हतं.

आता ब्लॉक ८२ वर गेलाय, प्लेट लावून. होज नवा. पहिलं ऑइल बदललं तेव्हा लॅबच्या अहवालात लोखंड (झिजेची खूण) आणि सिलिकॉन (धुळीची खूण) दोन्ही भरपूर आले. मी शांत आहे, कारण नव्यानं बांधलेल्या इंजिनात लोखंड रिंगा बसण्याचं असतं आणि सिलिकॉन सीलंटचंही असतं. तिसऱ्या बदलाच्या वेळचा सिलिकॉनचा आकडा मला बघायचाय.