‘आहे’ या एका शब्दासाठी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम जय ख्रिस्त.

जर्मनीतल्या मारबुर्गला 1529 मध्ये प्रभुभोजनावर, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीवर, जी चर्चा झाली तिच्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही सविस्तर लिहिलंत. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप आधी सांगते. पहिला, जर्मनीतला ल्यूथर आणि स्वित्झर्लंडमधला झ्विंग्ली हे दोन धर्मसुधारक, भाकर देताना येशू जे म्हणाला त्या ‘हे माझे शरीर आहे’ यातल्या ‘आहे’वरून भांडले, हा निव्वळ शब्दांचा कीस होता, येशू अरामी बोलत असे, त्या भाषेत अशा वाक्यात ‘आहे’ लागतच नाही, मग वाद उरतोच कुठे? दुसरा, मी ल्यूथरला झुकतं माप दिलं आणि झ्विंग्लीचं म्हणणं ‘फक्त प्रतीक’ या दोन शब्दांत उडवून लावलं. तिसरा, कॅथलिक शिकवणुकीबद्दल मी मवाळ लिहिलं, कारण माझं सासर वसईचं, कॅथलिक. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, तुम्ही स्वतः काय मानता ते एकदा स्पष्ट सांगा.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण तो खरा आहे. ‘फक्त प्रतीक’ असं मी लिहायला नको होतं. लेखातलं ते वाक्य मी बदललं आहे.

मी नगर जिल्ह्यातल्या एका प्रॉटेस्टंट मंडळीत वाढले. प्रभुभोजनाच्या रविवारी पावाच्या चौकोनी तुकड्यांचं ताट बाकावरून हातोहात पुढे येई, मागून द्राक्षरसाचे बोटभर उंचीचे प्याले. आमच्या पुढच्या बाकावर एक गृहस्थ बसत. शेताच्या बांधावरून त्यांचं सख्ख्या भावाशी बोलणं बंद होतं. ताट आलं की ते दोन्ही हातांनी धरायचे, क्षणभर थांबायचे आणि न घेता शेजाऱ्याकडे द्यायचे. कुणी त्यांना मनाई केली नव्हती. जो अयोग्य प्रकारे ही भाकर खातो तो प्रभूच्या शरीराबद्दल दोषी ठरतो, असं पौलाने करिंथकरांना लिहिलं आहे, ते त्यांनी मनावर घेतलं होतं. वर्षभराने एका रविवारी दोघे भाऊ एका बाकावर येऊन बसले. त्या दिवशी तुकडा उचलताना त्यांच्या हातून तो पुन्हा ताटात पडला, इतका हात थरथरत होता. त्यांना कुणी विचारलं असतं, तर पाव हा पावच राहतो, ही प्रभूची आठवण आहे, असंच त्यांनी सांगितलं असतं. त्या आठवणीच्या आधी ‘फक्त’ हा शब्द लावायची माझी हिंमत होत नाही.

झ्विंग्लीचंही असंच होतं. एप्रिल 1525 मध्ये, पवित्र सप्ताहात, झ्युरिकमध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिक पद्धतीची उपासना, बंद होऊन पहिलं नवं प्रभुभोजन झालं. मेज लोकांच्या मध्ये मांडलं, ताटं आणि प्याले लाकडाचे. ज्या सामान्य माणसाला आजवर एकटी भाकर मिळत होती, तीही बहुधा वर्षातून एकदा, त्याच्या हातात प्याला आला. झ्विंग्ली आधी ग्लारुसला धर्मगुरू होता. 1388 मध्ये नेफेल्सच्या रणांगणावर मिळालेल्या विजयाबद्दल देवाचे आभार मानायला तिथले लोक दरवर्षी त्या जागी चालत जात. प्रभुभोजनाचा अर्थ सांगताना त्याने याच वारीचा दाखला दिला: जो तिथे जातो तो सगळ्यांसमोर सांगतो की मी या लोकांचा आहे, आणि ज्याने आम्हाला सोडवलं त्याचा आहे. भाकरीचं काय होतं यापेक्षा ती खाणाऱ्या लोकांचं काय होतं, इकडे त्याचं लक्ष होतं.

आता शब्दांचा कीस.

मारबुर्गच्या किल्ल्यात ऑक्टोबर 1529 च्या पहिल्या दिवसांत ही मंडळी जमली, ती हेस प्रांताचा राजा फिलिप याच्या बोलावण्यावरून. फिलिप तेव्हा चोवीस वर्षांचा होता. कॅथलिक सम्राट विरोधात, तुर्की फौज व्हिएन्नाला वेढा घालून बसलेली. सुधारणावाद्यांमध्ये फूट राहिली तर सगळेच बुडतील हे त्याला दिसत होतं. पहिल्या दिवशी त्याने दोन तापट माणसं समोरासमोर येऊच दिली नाहीत. ल्यूथरला झ्विंग्लीच्या बाजूच्या ओकोलंपाडियसबरोबर बसवलं आणि झ्विंग्लीला ल्यूथरचा सहकारी मेलँक्थॉन याच्याबरोबर. दुसऱ्या दिवशी सगळे एका मेजाशी आले तेव्हा ल्यूथरने खडूने मेजावर लॅटिनमध्ये लिहिलं, ‘हे माझे शरीर आहे’, आणि वर मखमली कापड ओढलं. पुढे पुरावा मागितला गेला तेव्हा त्याने ते कापड उचलून दाखवलं.

झ्विंग्लीने योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय पुढे केला, जिवंत करतो तो आत्मा, देहाचा काही उपयोग नाही. या वचनाने तुमची मान मोडेल, असं तो म्हणाला. ल्यूथर उसळला: इथे माना इतक्या सहज मोडत नाहीत, तुम्ही हेसमध्ये आहात, स्वित्झर्लंडमध्ये नाही. झ्विंग्लीला खुलासा करावा लागला की आमच्याकडे ही बोलण्याची पद्धत आहे, तुमची बाजू पडेल एवढाच तिचा अर्थ. हा प्रसंग वाचताना मी दर वेळी थबकते. शब्द अक्षरशः घ्यायचे की नाही यावर बोलायला जमलेली दोन माणसं, आणि एकाचा वाक्प्रचार दुसऱ्याने अक्षरशः घेतला. दोघेही जर्मनच बोलत होते.

तुमचा अरामीचा मुद्दा भाषेच्या दृष्टीने बरोबर आहे. पण त्याने वाद मिटत नाही, आणि हे कळायला अरामी शिकायची गरज नाही. मराठीतही आपण ‘आहे’शिवाय बोलतो. एखादी बाई कडेवरचं मूल पुढे करून म्हणते, ‘हा माझा मुलगा.’ तीच बाई भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून म्हणते, ‘हा माझा मुलगा.’ वाक्य तेच, क्रियापद दोन्हीकडे नाही, आणि दोन्ही वेळा ती खरंच बोलते आहे. ऐकणाऱ्याला ठरवायचं असतं की तिचं बोट कशाकडे आहे. शेवटच्या भोजनाच्या रात्री वरच्या माडीवर येशूचं बोट कशाकडे होतं, हा मारबुर्गचा प्रश्न होता, आणि तो व्याकरणाने सुटणारा नव्हता. झ्विंग्ली म्हणत होता, ‘मी द्राक्षवेल आहे’ हे जसं आपण घेतो तसंच हे घ्या. ल्यूथरचं उत्तर होतं की शब्द कधीकधी रूपकात्मक असतात हे कुणी नाकारत नाही, पण इथे ते तसे आहेत हे दाखवून द्या.

याच्या मुळाशी दोघांची वेगवेगळी भीती होती. ख्रिस्ताचं शरीर एकाच वेळी शेकडो वेदींवर असेल तर ते आपल्यासारखं माणसाचं शरीर राहिलं कुठे, ही झ्विंग्लीची भीती. तो खरा माणूस झाला, वर गेला, पित्याच्या उजवीकडे बसला. त्याला भाकरीत शोधणं म्हणजे निर्माण केलेल्या वस्तूची पूजा. ल्यूथरची भीती अशी की हे सगळं माझ्या आठवणीवर आणि माझ्या विश्वासाच्या बळावर टेकलं, तर ज्या दिवशी माझ्यात ते बळ नसेल त्या दिवशी मेजावर काय उरेल? म्हणून ‘तुमच्यासाठी दिलेले’ हे शब्द तो सोडायला तयार नव्हता. यातली कुठली भीती तुम्हाला पोकळ वाटते, ते मला जरूर सांगा.

ल्यूथरने झ्विंग्लीला भाऊ म्हणून स्वीकारलं नाही हे मात्र खरं, आणि त्याचं समर्थन मी करत नाही. पण पंधरा कलमांचा जो मसुदा शेवटी झाला त्यातली चौदा दोघांनी मान्य केली होती. पंधराव्यातलंही बरंचसं मान्य होतं, आणि त्याच्या अखेरीस लिहिलं होतं की मत जुळलं नाही तरी विवेकाला पटेल तितकी ख्रिस्ती प्रीती दोन्ही बाजूंनी एकमेकांवर दाखवावी. दोन वर्षांनी, 11 ऑक्टोबर 1531 रोजी, झ्विंग्ली काप्पेलच्या लढाईत मारला गेला.

तिसरा आक्षेप. कॅथलिक शिकवणुकीला तुम्ही ‘जादू’ म्हणालात. त्या शिकवणुकीनुसार भाकरीचा रंग, चव, वास, वजन काहीच बदलत नाही. ती वस्तू मुळात काय आहे, तेवढंच बदलतं. कॅथलिक चर्चच्या 1215 च्या लॅटरन परिषदेने या बदलासाठीचा शब्द वापरला आणि 1551 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ती शिकवण पक्की केली. मला हे स्पष्टीकरण पटत नाही. ल्यूथरलाही पटलं नव्हतं. ख्रिस्त तिथे खरोखर असतो यावर त्याचा आक्षेप नव्हता. ॲरिस्टॉटलच्या तर्काला श्रद्धेचं कलम करण्यावर होता. त्याने तापलेल्या लोखंडाचा दाखला दिला: लोखंड लोखंडच राहतं आणि त्यात अग्नीही असतो. पण न पटणं वेगळं आणि जादू म्हणणं वेगळं. वसईत एका मिस्साला एका म्हाताऱ्या बाईंच्या हातून ओस्ती, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, जमिनीवर पडली. फादर लगेच वाकले, ती उचलून त्यांनी स्वतः सेवन केली, आणि पूर्ण रांग तोवर स्तब्ध उभी होती. जादूच्या खेळाकडे लोक असे बघत नाहीत.

त्या रांगेत मी जात नाही. कॅथलिक नियमाप्रमाणे मला जाता येत नाही, आणि सासरची माणसं वेदीकडे जातात तेव्हा बाकावर मी एकटी उरते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी त्या पाच मिनिटांची सवय झालेली नाही. तेव्हा सासरमुळे मी मवाळ झाले असं म्हणू नका. हे मतभेद किती खरे आहेत ते मला त्या बाकावर कळतं.

प्रॉटेस्टंटांमधली ही भिंत बरीचशी पडली. आपल्याकडे नागपूरला 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यांत अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, ब्रदरेनही होते, आणि ते एका मेजाशी आले. युरोपात 1973 मध्ये, मारबुर्गनंतर 444 वर्षांनी, बाझेलजवळच्या लॉयनबर्ग इथे ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड (झ्विंग्लीच्या परंपरेतल्या) मंडळ्यांनी करार केला. ‘कसं’ हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला आणि एवढंच मान्य केलं की पुनरुत्थित ख्रिस्त भाकर आणि प्याल्यासोबत, आपल्या वचनाने, स्वतःला देतो.

मी काय मानते? याच वाक्याच्या आसपास आहे, आणि ल्यूथरकडे थोडी जास्त झुकलेली. कारण सांगते. माझ्या आईला डिमेन्शिया आहे. मला ती कधी ताई म्हणते, कधी बाई. ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ यातलं स्मरण तिच्याकडे उरलेलं नाही. पाळकसाहेब महिन्यातून एकदा घरी येतात, पलंगाशेजारच्या स्टुलावर पांढरा रुमाल अंथरतात, वचन म्हणतात आणि पावाचा तुकडा रसात बुडवून तिच्या ओठांशी नेतात. औषधाला तोंड घट्ट मिटणारी माझी आई त्या तुकड्याला तोंड उघडते. तिला काय कळतं ते मला सांगता येणार नाही. पण त्या खोलीत देणारा कुणीतरी आहे, आणि तिच्या आठवणीवर त्याचं देणं अडलेलं नाही, असं मी मानते.