सत्तरीनंतर फक्त आराम करा म्हणणारा तो मेसेज

परत तोच मेसेज फिरतोय, यावेळी मला तिघांकडून आला. हृदयाचे ठोके जन्मतःच मोजून दिलेले असतात, व्यायामाने ते लवकर संपतात, कासव फारसं हलत नाही म्हणून दीडशे वर्षं जगतं, तेव्हा सत्तरीनंतर व्यायाम बंद, वजन उचलणं बंद, नुसता आराम करा. वाचून खरंच वाईट वाटतं, कारण आपली म्हातारी माणसं हे मनावर घेतात.

आधी ठोके. मोजून दिलेत असं मानलं तरी हिशोब उलटाच येतो. बैठ्या माणसाची नाडी मिनिटाला 75 धरा, दिवसाचे 1,08,000 ठोके झाले. नियमित व्यायाम करणाऱ्याची नाडी आरामात असताना 60 वर येऊ शकते, त्याने तासभर 120 ने व्यायाम केला तरी पूर्ण दिवसाचे 90,000 च होतात.

कासवाचं म्हणाल तर तो थंड रक्ताचा प्राणी, त्याची आपल्याशी तुलनाच नको. वटवाघूळ रात्रभर उडतं, त्याच्या एका जातीतलं सात ग्रॅमचं वटवाघूळ 41 वर्षं जगल्याची नोंद आहे, आणि तेवढासाच उंदीर दोनतीन वर्षांत संपतो.

आता आराम. 1966 मध्ये डॅलसला विशीतल्या 5 धडधाकट मुलांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना परत तपासलं तर दिसलं की त्या तीन आठवड्यांनी त्यांचा दम जेवढा कमी केला होता तेवढा तीस वर्षांच्या वयानेही केला नव्हता. विशीत ही गत, मग ऐंशीच्या माणसाला आजारपणानंतर महिनाभर झोपवून ठेवलं तर काय होत असेल?

वजन उचलू नका हा मुद्दा तर मला सगळ्यात घातक वाटतो. 1990 मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या, अगदी अशक्त अशा 10 जणांकडून देखरेखीखाली पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला, आठ आठवडे, आणि मांड्यांची ताकद सरासरी 174 टक्के वाढली, दोघांची तर काठी सुटली. नव्वदीत स्नायू वाढतो हो! फ्रान्सचे रोबेर मार्शां 100 व्या वर्षी तासाभरात 24.25 किमी सायकल चालवले आणि 102 व्या वर्षी 26.9, म्हणजे दोन वर्षांनी म्हातारे होऊन जास्त.

गुडघे झिजतात हेही सरसकट खरं नाही, हौशी धावणाऱ्यांमध्ये बैठ्या लोकांपेक्षा गुडघ्याची आणि खुब्याची झीज कमीच आढळलीय.

राहिला पडण्याचा धोका, तो खरा आहे, पण माणूस पडतो तो बऱ्याचदा मांड्या कमजोर झाल्या आणि तोल गेला म्हणून, आणि बसून राहिलं की दोन्ही अजून बिघडतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना 65 च्या पुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोलाचे व्यायाम सांगते. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि हळूच बसायचं, पाच वेळा जमलं तर पाच, आणि धरायला शेजारी टेबल असू द्या.