स्टॅग फील्ड: फुटबॉल आधी गेला, अणुभट्टी नंतर आली

शिकागो विद्यापीठाने अणुबॉम्बसाठी आपला (अमेरिकन) फुटबॉल संघ मोडला, सामना पाहणाऱ्या हजारो प्रेक्षकांच्या पायाखाली जगातली पहिली अणुभट्टी पेटवली आणि पुढे किरणोत्सर्गामुळे ते मैदानच पाडावे लागले, असा मजकूर समाजमाध्यमांवर फिरतो आहे. भट्टी विद्यापीठाच्या स्टॅग फील्ड या मैदानावर उभी राहिली, एवढेच त्यातले खरे आहे.

अमोस अलोन्झो स्टॅग यांनी १८९२ ते १९३२ अशी चाळीस वर्षे घडवलेल्या या संघाच्या जे बरवँगरला १९३५ साली पहिला हाइसमन करंडक, म्हणजे सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूचा मान, मिळाला होता. पण १९३९ च्या हंगामात मिशिगनकडून ८५–० असा मार खाण्याइतकी संघाची रया गेली, आणि असल्या खेळाच्या व्यापाचा विद्येशी काय संबंध, असे मानणारे विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या कारकिर्दीत त्याच डिसेंबरात फुटबॉल बंद झाला. भट्टीची चाचणी झाली २ डिसेंबर १९४२ रोजी, म्हणजे तब्बल तीन वर्षांनी.

तो दिवस बुधवारचा, आणि मैदानावर सामना नव्हताच. मुळात भट्टी शहराबाहेर अर्गोनच्या जंगलात उभारायची होती. तिथले बांधकाम कामगारांच्या संपामुळे रखडले, म्हणून पश्चिमेकडच्या स्टँडखालचे स्क्वॉश कोर्ट वापरले गेले. तिथे ग्रॅफाइटच्या विटांचे ५७ थर रचताना काळ्या भुकटीने फरशी निसरडी होई आणि माणसे कोळशाच्या खाणीतून आल्यासारखी दिसत. त्या दिवशी भट्टीची शक्ती होती जेमतेम अर्धा वॅट. मात्र धोका नव्हता असे मी म्हणणार नाही: भट्टीला ना संरक्षक भिंत होती ना शीतकरण, भोवती भरवस्तीचे शहर होते, आणि विचारले तर नकारच येईल हे ओळखून प्रकल्पप्रमुख आर्थर कॉम्प्टन यांनी हचिन्स यांच्या कानावर काही घातलेच नाही. खरे आक्षेपार्ह आहे ते हे, आणि फिरणाऱ्या मजकुरात नेमके तेच नाही.

स्टँड पाडले गेले १९५७ साली. भट्टी तर १९४३ मध्येच सुटी करून अर्गोनला हलवली होती. ज्या आवारात किरणोत्सर्गामुळे मैदान ठेवता आले नाही म्हणतात, तिथे १९७० पासून रेगेनस्टाइन ग्रंथालयात विद्यार्थी रात्री उशिरापर्यंत बसतात आणि शेजारी हेन्री मूर यांचे ब्राँझशिल्प उभे आहे. फुटबॉलही १९६९ साली परतला, जवळच्याच नव्या स्टॅग फील्डवर.