‘पुढारी सांगेल तिकडे मत’? नाशिकचे निकाल तसं म्हणत नाहीत

निवडणूक लागली की नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘लोक स्वतः विचार करत नाहीत. गावचा पुढारी हाताशी धरला की गठ्ठा मतं मिळतात. सामान्य माणसाच्या शब्दाला किंमत नाही. उरलेली रील्सवाले फिरवतात.’ हा मतदारांचा अपमान तर आहेच, शिवाय खोटंही आहे.

‘पुढारी हाताशी, गाव खिशात.’ मग मे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरीत महायुतीच्या उमेदवार, तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार लाखाहून अधिक मतांनी कशा पडल्या? मतदानाच्या पाच दिवस आधी पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली होती. सहा महिन्यांत गावोगावचे पुढारी काही बदलले नाहीत, पण विधानसभेला जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीने घेतल्या. बऱ्याचदा पुढारीच वारं बघून बाजू धरतो आणि निकालानंतर ‘लीड आम्ही दिला’ म्हणून मिरवतो.

‘सामान्य माणसाच्या शब्दाला किंमत नाही.’ इथेच मेसेज सगळ्यात जास्त चुकतो. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली, तेव्हाची बाजार समिती आठवा. ट्रॅक्टरांची रांग, व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन बोली पुकारतोय. रांगेतल्याच एखाद्या जाणत्याला बाकीचे विचारतात, “तात्या, बंदी कधी उठंल?” तात्यांकडे पद नाही, पण पेपर रोज वाचतात आणि त्यांचाही कांदा त्याच भावात जातोय. म्हणून त्यांचं ऐकलं जातं. ‘लाडकी बहीण’चा फॉर्म भरताना बायकांनी आमदाराला नाही, अंगणवाडीताईला विचारलं.

समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १९४० मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत मतदारांना महिनोन् महिने पुन्हापुन्हा भेटून हेच टिपलं होतं. मत घडवणारी माणसं प्रत्येक थरात, आपल्यासारख्यांतच असतात. प्रचाराने बहुतेकांचं आधीचंच मत पक्कं झालं. पक्ष बदलणारे थोडेच निघाले.

‘रील्सवाले मतं फिरवतात.’ रील घरात पोचते, हे खरं. पण ती बघून झाल्यावर “हे खरं का गं?” हा प्रश्न ओळखीच्या माणसालाच जातो.

पुढाऱ्याचा धाक मात्र खरा आहे, भावकी आणि सोसायटीचं कर्ज धरून तो चालतो. बूथनिहाय आकडे जाहीर होतात, त्यावरून ‘कुणी कुठं दाबलं ते आम्हाला कळतं’ अशी दमदाटी होते. कळतो तो फक्त बूथचा एकूण आकडा. मतदान यंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटची चिठ्ठी मतदाराला सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. त्यावर मतदाराचं नाव नसतं.