पोलिसाचा व्हिडिओ काढला की १४ वर्षं? मामा, जरा थांबा

परवा आमच्या भाच्यानं मोबाईलमधला एक व्हिडिओ स्वतःच्या हातानं पुसून टाकला. हेल्मेटची तपासणी चालली होती. गाडीवर मागं बसलेल्या त्याच्या मित्राच्या कानफटात एका पोलिसानं वाजवली, आणि ते सगळं ह्याच्या मोबाईलमध्ये आलं होतं. चौक कुठला ते मुद्दाम सांगत नाही. पोरगा घरी आला तो घामाघूम होऊन, आणि आल्या आल्या त्यानं पहिलं काम हे पुसण्याचं केलं. कारण त्याच दिवशी सकाळी आमच्या मामांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला होता.

मेसेज असा: "सावधान!! नवीन कायदा लागू. ड्युटीवरील पोलिसाचा फोटो किंवा व्हिडिओ काढल्यास शासकीय गुपिते कायद्याखाली १४ वर्षे शिक्षा. पोलिसाच्या परवानगीशिवाय शूटिंग केल्यास आयटी कायदा कलम ६६ ई. पोलीस जागेवर मोबाईल जप्त करून व्हिडिओ डिलीट करू शकतात. ग्रुप अॅडमिनवरही गुन्हा. आपल्या मुलांना वाचवा, पुढे पाठवा." खाली ना तारीख, ना कुणाची सही. नुसते हात जोडलेले. आमच्या बेळगावात शहापूर, वडगाव, टिळकवाडी, अनगोळ, सगळीकडं हा फिरलाय. मला वेगवेगळ्या पाच जणांकडून आला.

सुरुवात त्या १४ वर्षांपासून करू, कारण पोरगा त्याच आकड्याला भ्यायला.

शासकीय गुपिते कायदा नवा नाही, १९२३ चा आहे. इंग्रजांनी तो हेरगिरीसाठी केला. देशाच्या सुरक्षिततेला बाधक हेतूनं कुणी प्रतिबंधित ठिकाणाजवळ गेला, शत्रूच्या उपयोगी पडेल असा नकाशा किंवा आराखडा काढला, तर त्याच्यासाठी कलम ३ आहे. त्यातही १४ वर्षं आहेत ती लष्कर, नौदल, हवाई दल, दारूगोळा, गुप्त सांकेतिक लिपी असल्या प्रकरणांत. बाकी प्रकरणांत कमाल ३ वर्षं. हेल्मेट तपासणाऱ्या पोलिसाचा व्हिडिओ शत्रुराष्ट्राच्या काय उपयोगाचा, हे मेसेज लिहिणाऱ्यानं एकदा समजावून सांगावं. दंडाची पावती कशी फाडतात, हे शिकायला तिकडून कोण येणार आहे?

बरं, रस्ता सोडा. पोलीस ठाण्याच्या आत काढलेल्या व्हिडिओचं काय? त्याचंही उत्तर मिळालेलं आहे. वर्ध्यात एका माणसानं ठाण्यात चाललेलं बोलणं मोबाईलवर टिपलं म्हणून पोलिसांनी त्याच्यावर हाच कायदा लावला होता. २०१८ चं प्रकरण. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं, न्यायमूर्ती मनीष पितळे आणि वाल्मिकी मिनेझिस यांनी, तो गुन्हा रद्द केला. प्रतिबंधित ठिकाणं कुठली ते कायद्याच्या कलम २(८) मध्ये सांगितलेलं आहे, त्या व्याख्येत पोलीस ठाणं बसत नाही, आणि न्यायालयानं ते तिच्यात बसवून घेतलं नाही. आता ठाण्याच्या आतच हा कायदा लागत नसेल, तर भर रस्त्यात कुठून लागणार?

यावर मामांचं म्हणणं, "मुंबई कोर्टाचं हितं काय चालतंय? आपलं कोर्ट धारवाडला." प्रश्न बरोबर आहे. १९५६ च्या आधी बेळगाव मुंबई राज्यात होतं, तेव्हा चाललं असतं, आता तो निकाल इथल्या न्यायालयावर बंधनकारक नाही. पण कायदा केंद्राचा आहे. वर्ध्याला एक व्याख्या आणि बेळगावला दुसरी असं नसतं. इथला वकीलही तो निकाल न्यायाधीशांपुढं ठेवू शकतो, आणि तो बाजूला सारायचा तर न्यायालयाला तसं कारण द्यावं लागेल.

एक गोष्ट मात्र कबूल करतो, नाइलाजानं. बेळगाव म्हणजे काही साधं गाव नव्हे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं आहे, कॅम्प आहे, सांबऱ्याला हवाई दलाचं ठाणं आहे. तिथल्या फाटकाचा, आतल्या आवाराचा व्हिडिओ काढायला जाऊ नका. तिथं हा कायदा खरोखर लागू शकतो. मेसेज लिहिणाऱ्यानं मिलिटरी पोलीस आणि खाकीतले पोलीस एकच धरले असतील तर कोण जाणे.

आता "नवीन कायदा". १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, एवढं खरं. तिच्यात पोलिसाचा फोटो काढणं हा गुन्हा आहे असं कुठंही लिहिलेलं नाही. जी कलमं लावतात ती दोन: २२१, म्हणजे सरकारी कामात अडथळा, आणि १३२, म्हणजे सरकारी नोकरावर हल्ला किंवा बळाचा वापर. जुन्या दंड संहितेतली १८६ आणि ३५३ च ती, नंबर तेवढे बदलले. पाच हात लांब उभं राहून मोबाईल धरला तर त्यात ना अडथळा, ना हल्ला. मात्र साहेबाच्या नाकापुढं मोबाईल नाचवलात, बॅरिकेड ओलांडून आत घुसलात, तर २२१ चिकटेल आणि त्यात पोलिसाची चूक म्हणता येणार नाही. एखादा पोलीस खोटंच १३२ लावेल, हेही होतं. तेव्हा उपयोगी पडणारी वस्तू एकच, तो व्हिडिओ. पोरानं पुसला तो.

परवानगी आणि ६६ ई बद्दल हसावं की रडावं? ६६ ई माणसाच्या गुप्तांगांची चित्रं त्याच्या संमतीशिवाय टिपण्याबद्दल आहे. भर रस्त्यात गणवेश घालून उभ्या असलेल्या माणसाला ते कसं लागणार? उलट सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सांगितलंय की अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसेल अशी पट्टी हवी. जी पट्टी लोकांनी वाचावी म्हणूनच लावायची, तिचा फोटो काढला की खाजगीपणाचा भंग? केरळनं तर आपल्या २०११ च्या पोलीस कायद्यात लिहूनच टाकलंय की पोलिसांच्या कारवाईचं चित्रीकरण करणाऱ्या नागरिकाला पोलिसानं अडवू नये. कर्नाटकच्या कायद्यात असं वाक्य नाही. असतं तर हा लेख चार ओळींत संपला असता.

जप्तीबद्दल अर्धं खरं आहे. गुन्ह्याशी संबंधित वस्तू म्हणून पोलीस मोबाईल ताब्यात घेऊ शकतात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली. पण त्याची नोंद करावी लागते, आणि ताबा घेतानाचं चित्रीकरण पोलिसांनीच करायचं असतं, शक्यतो मोबाईलवर, असं त्याच संहितेचं कलम १०५ सांगतं. म्हणजे कायदा पोलिसाला म्हणतो, मोबाईल काढ आणि शूटिंग कर. आणि आमचे मामा पोराला म्हणतात, मोबाईल खिशात घाल. व्हिडिओ डिलीट करायचा अधिकार तर कुणालाच दिलेला नाही. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि तो खाकी बघून माफ होत नाही.

ग्रुप अॅडमिनचं म्हणाल तर दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुरासाठी, तो केवळ अॅडमिन आहे म्हणून, त्याला आरोपी करता येत नाही, असं मुंबई आणि केरळ या दोन्ही उच्च न्यायालयांनी म्हटलेलं आहे. पुढं चला.

खरी जपायची जागा या मेसेजमध्ये नाहीच. व्हिडिओ काढणं वेगळं आणि तो भलत्या मथळ्यानं पसरवणं वेगळं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बस कंडक्टरच्या प्रकरणावरून महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबल्या होत्या, आठवतंय ना? अशा वेळी कुठला तरी जुना व्हिडिओ "बघा, मराठी पोराला कसं मारलं" म्हणून कुणी सोडला, तर भाषेवरून तेढ वाढवण्याचं न्याय संहितेचं कलम १९६ त्याच्यावर लागू शकतं, आणि खोटं असेल तर लागावंही. जसा काढला तसा ठेवा, कापाकापी नको, वर गाणं नको. वकिलाला द्या.

आता मामांविषयी. जुलै २०१४ मध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूरला 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा फलक प्रशासनानं काढून टाकला, लोकांनी पुन्हा उभारला, आणि मग जो लाठीमार झाला त्याची दृश्यं सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर बघितली. मामांच्या मोबाईलमध्ये त्यातली एक क्लिप अजून आहे. मोबाईल तीनदा बदलला, क्लिप प्रत्येक वेळी नव्यात घेतली. पाहुणे आले की दाखवतात, १ नोव्हेंबर, म्हणजे इथल्या मराठी माणसांचा काळा दिन, जवळ आला की हमखास दाखवतात. ती कुणीतरी कॅमेरा धरून काढली म्हणून आहे. त्या दिवशी तिथल्या कुणी सकाळी असला मेसेज वाचला असता, तर?

हेच मी त्यांना फोनवर विचारलं. पलीकडं बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "तू काय करूलालास ते कर बाबा, मी पोरांच्या भल्यासाठी टाकलं होतं." संध्याकाळी परत फोन आला, आवाज उतरलेला. मेसेज त्यांनी अकरा ग्रुपांवर टाकला होता, आणि आता सगळ्यांकडचा काढून टाकायला गेले तर मोबाईल नको म्हणतोय, मुदत उलटून गेली. काय करायचं, विचारत होते. म्हटलं, हा लेख टाका अकराही ग्रुपांवर. "लांब आहे रे," म्हणाले, "कोण वाचतंय एवढं?"