‘संबंध नाही’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

धाकट्या बहिणीचं इंग्रजी शिकवण्याचं हे पहिलंच वर्ष. काल रात्री तिने एक फॉरवर्ड पाठवला, खाली एकच ओळ : “ताई, माझं चुकतंय का गं?” हाच मेसेज माझ्याकडे याआधी तीनदा आला होता, तिन्ही वेळा न वाचल्यासारखा उडवला. आता तसं करता येत नाही.

मजकूर थोडक्यात असा : ‘कल्चरली रिस्पॉन्सिव्ह टीचिंग’, म्हणजे मुलांची संस्कृती आणि घरचं जग धरून शिकवणं, हे नुसतं फॅड आहे. भाषा म्हणजे व्याकरण आणि शब्द, संस्कृतीचा त्याच्याशी संबंध नाही. मुलांच्या घरचं वर्गात आणलं की दर्जा घसरतो. आणि घरची भाषा कानावर पडली की इंग्रजी कायमचं बिघडतं.

‘संबंध नाही’? १९७९ साली मार्गारेट स्टेफन्सन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन या संशोधकांनी भारतीय आणि अमेरिकी वाचकांना दोन पत्रं वाचायला दिली. दोन्ही इंग्रजीत, एकात भारतीय लग्न, दुसऱ्यात अमेरिकी. आपापल्या ओळखीच्या लग्नाचं पत्र लोकांनी भरभर वाचलं, त्यातलं जास्त लक्षातही ठेवलं. परक्या लग्नात मात्र पदरचे अर्थ घुसवले. अमेरिकी नवरी आजीच्या लग्नातला ड्रेस घालते. तिकडे ते कौतुकाचं. एका भारतीय वाचकाने मात्र पत्र आठवून सांगताना तो ड्रेस जुना आणि फॅशन गेलेला ठरवून टाकला! आता यात कुठला शब्द अडला होता? कुठला काळ चुकला होता? व्याकरणाचे आणखी पन्नास तास घेतले असते तरी तो ड्रेस जुनाटच राहिला असता. धडा सुरू करण्याआधी “आजीची वस्तू लग्नात कोणी का घालत असेल?” एवढं विचारलं असतं तर पुरलं असतं. या पद्धतीत करायचं ते बरंचसं एवढंच, आणि याला म्हणे फॅड.

दर्जाचं म्हणाल तर अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ मध्ये या विचाराची मांडणी करताना ज्या तीन अटी घातल्या, त्यातली पहिलीच मुलांच्या शैक्षणिक यशाची आहे. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढं तरी वाचायचं.

एक मान्य करते, नाइलाजाने. भिंतीवर चार पोस्टर लावायची, वर्षातून एकदा पोशाखांचा दिवस करायचा आणि त्याला हे भारी नाव द्यायचं, असं चालतं. त्याला फॅड म्हणा, माझी हरकत नाही.

राहिली घरची भाषा. माझ्या वर्गातल्या मुलांच्या वहीतलं हे वाक्य घ्या : ‘रवी सेड दॅट आय विल कम टुमॉरो.’ येणार कोण? मुलाच्या मनात रवीच येणार आहे, कारण मराठीत आपण सरळ म्हणतो, ‘रवी म्हणाला की मी उद्या येईन.’ या ‘आय’भोवती मी कित्येक वर्षं लाल गोल काढले. वह्या परत यायच्या, ‘आय’ तसाच. मग एकदा दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारीशेजारी लिहिली आणि विचारलं, “यातला मी कोण?” मागच्या बाकावरून आवाज आला, “मराठीत रवी, इंग्रजीत मी!” नियम मी त्यानंतर सांगितला.

मराठीला बंदी असती तर हा प्रश्न विचारताच आला नसता. बहिणीला उत्तर म्हणून फळ्यावरची तीच दोन वाक्यं पाठवली आहेत.