मुलांचे चेहरे बघून कळतं म्हणे! त्या फिरणाऱ्या पोस्टबद्दल

ती पोस्ट आता जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर येऊन गेलीये. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुलांसाठी, तरुणांसाठी चालणाऱ्या कार्यक्रमांचं मूल्यमापन करणारे रिसर्चर म्हणजे आयत्या बिळावरचे नागोबा, टॅब घेऊन येतात, फॉर्म भरून घेतात, पीपीटी बनवतात आणि जातात, हे काम कॉलेजची पोरं गूगल फॉर्मवर करतील, फायदा झाला का ते मुलांनाच विचारा, नाहीतर आधी-नंतर एकेक टेस्ट घ्या, नाहीतर त्यांचे चेहरे बघा, हे लोक नुसती खोट काढतात, वाचलेला पैसा वह्या-पुस्तकांना द्या. धडाधड हार्ट पडलेत त्यावर, आमच्याच फील्डमधल्या लोकांचेसुद्धा. मी हेच काम करून पोट भरते त्यामुळे मला झोंबणारच, पण ते सोडून देऊ, मुद्द्यांवर येते.

"मुलांनाच विचारा, ती खरं सांगतील."

ऐकायला एकदम बरोबर वाटतं ना? १९३९ मध्ये अमेरिकेत बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल गावांत डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या कल्पनेतून एक कार्यक्रम सुरू झाला, मुलं वाईट मार्गाला लागू नयेत म्हणून. ५०६ मुलगे होते, वय, घरची परिस्थिती, स्वभाव बघून त्यांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या कुणाला मदत मिळणार ते नाणं उडवून ठरवलं. ज्यांना मिळाली त्यांच्या घरी कौन्सिलर सरासरी महिन्यातून दोनदा जायचे, हे पाच वर्षांच्या वर चाललं. अभ्यासाला मदत, डॉक्टर, समर कॅम्प, सगळं. पुढे १९७० च्या दशकात जोन मॅककॉर्ड या गुन्हेगारीचा अभ्यास करणाऱ्या बाईंनी त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना शोधून काढलं, तेव्हा ते मध्यमवयीन गृहस्थ झाले होते, आणि मदत मिळालेल्यांना विचारलं, फायदा झाला का? साधारण दोन-तृतीयांश लोक म्हणाले हो, झाला. कौन्सिलरची आठवण काढून चांगलं बोलले. मग मॅककॉर्डबाईंनी त्यांची कोर्टाची, दवाखान्यांची, मृत्यूची रेकॉर्ड जोडीतल्या दुसऱ्या मुलाशी ताडून बघितली. गुन्हे कमी झालेले नव्हतेच, उलट पुन्हा पुन्हा गुन्हा करणं, दारूचं व्यसन, टेन्शनमुळे होणारे आजार यांत मदत मिळालेल्या गटाचीच अवस्था जास्त वाईट होती. हे १९७८ साली छापून आलं.

आता ते गृहस्थ खोटं बोलत होते का? अजिबात नाही. त्यांना मनापासून तसं वाटत होतं. पण कार्यक्रम नसता तर आपलं काय झालं असतं हे माणसाला स्वतःला कळायला मार्गच नसतो, आणि आमचं सगळं काम, अगदी सगळं, त्या एका प्रश्नाभोवती फिरतं. कार्यक्रम नसता तर काय झालं असतं? बाकी टॅब, पीपीटी वगैरे नंतरचं.

आणि मुलं मोठ्यांना आवडेल तेच बोलतात हे ज्याने शाळेत एक दिवस काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. हरियाणात ३१४ सरकारी शाळांत सातवी-आठवीच्या मुलामुलींसोबत मुलगा-मुलगी समानतेवर अडीच वर्षं वर्गात चर्चा घेणारा कार्यक्रम झाला, ब्रेकथ्रू नावाच्या संस्थेचा. निम्म्या शाळांत कार्यक्रम, निम्म्यांत नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटप. मूल्यमापन करणाऱ्यांना पहिल्यापासून माहीत होतं की कार्यक्रमातली मुलं 'योग्य' उत्तर पाठ करून येणार. म्हणून त्यांनी सुरुवातीलाच वेगळे प्रश्न घातले, म्हणजे तू कुणाशी कधीच उद्धट वागत नाहीस का अशा धर्तीचे. आता असं कोण असतं हो? जी मुलं अशा सगळ्या प्रश्नांना स्वतःला संत ठरवतात ती समोरच्याला खूश करायला बोलतायत हे धरायचं, आणि मग बघायचं की मतांतला बदल फक्त याच मुलांत दिसतोय की सगळ्यांत. तिथे तो सगळ्यांत दिसला, म्हणून त्या निकालावर विश्वास ठेवता येतो. फक्त 'मुलांना विचारलं' असतं तर कुणीही म्हणालं असतं की पोरांनी पाठ केलंय, आणि त्यावर उत्तर नसतं.

आम्ही इकडे साधी युक्ती करतो. मुलगा-मुलगी समान आहेत का असं विचारलं की अख्खा वर्ग हो म्हणतो, अगदी कोरसमध्ये. त्याऐवजी विचारायचं, काल संध्याकाळी घरी पाणी कुणी भरलं? भांडी कुणी घासली? तेव्हा भाऊ काय करत होता? मग वर्ग शांत होतो आणि खरी उत्तरं यायला लागतात.

"आधी एक टेस्ट, नंतर एक टेस्ट, फरक दिसला की झालं."

नाही झालं. बीड जिल्ह्यातली ऊसतोड मजुरांची गावं घ्या. बेसलाईन म्हणजे सुरुवातीची टेस्ट ऑगस्टमध्ये केली, एंडलाईन म्हणजे शेवटची फेब्रुवारीत. मधे दसरा-दिवाळी आली, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी कारखान्याच्या भागात निघून गेली, बरीच मुलंही सोबत गेली. फेब्रुवारीत वर्गात कोण उरलं? ज्यांच्या घरून कुणी गेलं नाही ती, म्हणजे साधारण बऱ्या परिस्थितीतली. मार्कांची सरासरी आपोआप वर! संस्थेने काहीच केलं नसतं तरी वर गेली असती. हजेरीपट काढून बेसलाईनची यादी एकेका नावाने लावत बसायचं, कोण गेलं, कुठे गेलं, दुसऱ्या शाळेत आहे की उसाच्या फडावर, आजीजवळ राहिलंय का, हे जो करत नाही त्याचा ग्राफ कितीही सुंदर असो, तो फेकून द्यायचा.

दुसरं म्हणजे मुलं वाढतात हो! तेराचा मुलगा पंधराचा झाला की त्याला आपोआप जास्त येतं, जग पण बदलत असतं. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे देणारी योजना आली, शाळेत जाणाऱ्या मुली वाढल्या, पण त्या तशाही वाढतच होत्या, रस्ते होत होते, राज्यात बरंच काही बदलत होतं. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी काय केलं, तर मुलींची वाढ मुलग्यांच्या वाढीशी ताडली (त्यांना तेव्हा सायकल नव्हती) आणि तोच फरक शेजारच्या झारखंडमधल्या फरकाशी ताडला. एवढं सगळं वजा करून जे उरलं ते सायकलचं: मुलींच्या हायस्कूल प्रवेशात सुमारे ३२ टक्के वाढ. आणि शाळा जिथे लांब होती त्या गावांत फायदा जास्त, म्हणजे हे सायकलमुळेच झालं याला अजून एक पुरावा. यात नाणं उडवलेलं नाही, योजना आधीच चालू झाली होती, फक्त कशाची तुलना कशाशी करायची ते डोकं लावून ठरवलं. हेच ते स्किल ज्याला पोस्टमध्ये फॉर्म भरणं म्हटलंय.

"कॉलेजची पोरंही करतील."

करतात की! आमच्या टीममधले अर्धे सर्वेअर नुकतेच एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) झालेले असतात आणि काही जण माझ्यापेक्षा भारी आहेत. पण ट्रेनिंगनंतर.

आठवीचा वर्ग डोळ्यासमोर आणा, प्रश्न आहे शाळेत शिक्षक मारतात का, आणि सर दारात उभे, प्रेमाने, काही लागलं तर सांगा म्हणत. सरांना जा म्हणता येत नाही, त्यांचीच शाळा. मग त्यांना पटसंख्येचा तक्ता तपासून द्यायची विनंती करायची, तो ऑफिसात असतो, दहा-पंधरा मिनिटं निघतात. तेवढ्यात मारण्याचा प्रश्न उरकायचा. दुसरं, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत अशी पाच खान्यांची पट्टी मुलांनी आयुष्यात पाहिलेली नसते. थेट प्रश्न सुरू केले तर सगळे पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीकडे बघून टिक करतात. म्हणून आधी सरावाचं वाक्य देतो: मला कारल्याची भाजी खूप आवडते. वर्ग हसतो, वाद होतात, आणि पट्टी समजते. अख्ख्या वर्गाने कारल्यालाही 'पूर्ण सहमत' केलं तर त्या दिवशी पुढचे प्रश्न घ्यायचेच नाहीत.

आणि गंमत बाजूला. समोर अठरा वर्षांखालचं मूल आहे. पालकांची संमती लागते, आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे बारा वर्षांवरच्या मुलाची स्वतःची लेखी तयारीही लागते, आणि मुलाला नाही म्हणायचा हक्क आहे, हे त्याला खरंच कळलंय का ते बघावं लागतं, कारण शाळेत मोठ्या माणसाला नाही म्हणायची सवय कुणाला असते? मुलाने बोलता बोलता लैंगिक छळाचं सांगितलं तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ नुसार ते कळवावंच लागतं, न कळवणं हा गुन्हा. म्हणजे 'तुझं सगळं गुप्त राहील' असं वचन देताच येत नाही, काय गुप्त राहील आणि काय मला पुढे सांगावं लागेल ते आधी बोलावं लागतं, आणि सांगितल्यावर त्या मुलाला कुणाच्या हवाली करायचं ते फील्डवर जाण्याआधी ठरलेलं असावं लागतं. गूगल फॉर्मवर हे कसं करणार ते पोस्टकर्त्याने जरूर सांगावं.

"चेहरे बघा."

न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात वात्रट पोरांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दमदाटी करवायचे, म्हणजे घाबरून सुधारतील. पोरं रडायची. त्यावरच्या डॉक्युमेंटरीला ऑस्कर मिळालं, राज्याराज्यांत नकला निघाल्या. जेम्स फिंकनॉर या संशोधकाने गेलेल्या आणि न गेलेल्या पोरांची तुलना केली तर गेलेल्यांचेच गुन्हे पुढे जास्त निघाले. नंतर अशा नऊ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला तरी तेच, फायदा सोडाच, नुकसान. चेहरे मात्र एकदम पटण्यासारखे होते.

"हे लोक फक्त खोट काढतात."

हा आरोप मला सगळ्यात अन्यायाचा वाटतो. गोव्याची 'संगाथ' संस्था माहीत असेल, मानसिक आरोग्यावर काम करणारी. त्यांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी शाळांत नववीच्या मुलांसाठी एक कार्यक्रम करून बघितला: भित्तिपत्रक, तक्रारपेटी, मुलांचे गट, गरज पडली तर समुपदेशन. काही शाळांत हे काम बाहेरून नेमलेल्या, डिग्रीने डॉक्टर वगैरे नसलेल्या साध्या समुपदेशकाने केलं, काहींत शाळेतल्याच शिक्षकाने, आणि काहींत हे काहीच नव्हतं. आठ महिन्यांनी बघितलं तर समुपदेशकाच्या शाळांत वातावरण खूपच सुधारलेलं, दादागिरी, मारामारी, उदासपणा कमी, आणि शिक्षकाच्या शाळांत हा कार्यक्रम नसलेल्या शाळांइतकंच. कार्यक्रम तोच! हा निकाल २०१८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. आता विचार करा, ही तुलना केली नसती तर कुठल्याही सरकारी बैठकीत काय ठरलं असतं? शिक्षक आहेतच, त्यांनाच द्या, स्वस्तात होतंय. आणि मग दोन वर्षांनी म्हणाले असते कार्यक्रमच बोगस. म्हणजे मूल्यमापनाने कार्यक्रम बुडवला नाही, वाचवला.

मुंबईत क्रिकेट कोचेसना ट्रेनिंग देऊन मुलग्यांशी मुलींच्या आदराबद्दल बोलायला लावणारा 'परिवर्तन' कार्यक्रम झाला, तिथे तर निकाल मिश्र आला. स्त्री-पुरुषांबद्दलची मतं सुधारली, पण समोर काही चुकीचं घडत असताना मध्ये पडण्यात फरक दिसला नाही. याला खोट काढणं म्हणायचं? मला तर यात पुढच्या वर्षीच्या ट्रेनिंगचा सिलॅबस दिसतो.

"तो पैसा मुलांना द्या."

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या सक्तीच्या खर्चाचा, नियम बघून बोला. २०२१ पासून इम्पॅक्ट असेसमेंट, म्हणजे हेच आमचं मूल्यमापन, सक्तीचं आहे ते फक्त ज्या कंपनीचं सीएसआर बंधन मागच्या तीन वर्षांत सरासरी दहा कोटी किंवा वर आहे तिला, आणि तेही एक कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रोजेक्टसाठी. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यावरचा जो खर्च सीएसआरमध्ये धरता येतो त्याला मर्यादा आहे, एकूण सीएसआर खर्चाच्या दोन टक्के किंवा पन्नास लाख, यातलं जे जास्त ते. तुमच्या गल्लीतल्या अभ्यासिकेच्या वह्या यात कुणी पळवत नाहीये.

एक मात्र कबूल, या सक्तीमुळे भंगार रिपोर्ट पण खूप निघतात. प्रोजेक्ट संपून वर्ष झाल्यावर बोलावणं येतं, बेसलाईन नाही, संस्थेनेच निवडून दिलेल्या मुलांची यादी, दोन दिवसांत एफजीडी (गटचर्चा) उरका, आणि मग '९० टक्क्यांहून जास्त लाभार्थी समाधानी'. त्याला शिव्या घाला, मी तुमच्यासोबत आहे. असा रिपोर्ट हातात आला तर पहिल्या पानावरचे टक्के सोडा, मागचं सॅम्पलचं, म्हणजे कुठली मुलं निवडली त्याचं, पान उघडा. मुलांची यादी कुणी दिली, सुरुवातीला किती होती, शेवटी किती सापडली, उरलेली कुठे गेली, आणि तुलना कुणाशी केली. हे लिहिलेलं नसेल तर एजन्सीचं शेवटचं बिल अडवून ठेवा.